पाण्याचा वार आणि भरतीची वेळ

"दाजी, मी घर घेतलं," असं मेव्हण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा बीड बायपासच्या पलीकडे कुठंतरी वन बीएचके घेतला असेल असं मला वाटलं. अभिनंदन केलं आणि विचारलं, कितव्या मजल्यावर? तर म्हणाला, "मजला नाही, चाकं आहेत. संध्याकाळी घेऊनच येतो."

संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून बावीस फुटांचं घर रिव्हर्समध्ये आत शिरलं. शिरताना त्यानं कडुलिंबाची एक फांदी, वॉचमनची खुर्ची आणि सोसायटीच्या अध्यक्षांचा उपास असं सगळं एकाच फटक्यात मोडलं. घराचे कागद मात्र चोख होते. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ सालीच बजावलंय, त्यामुळे मेव्हण्यानं घरच्या घरी पलंग ठोकण्याचा मोह आवरून रीतसर नोंदलेली जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली होती. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ते धोरण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला नागरिक मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

मग घराचं प्रदर्शन झालं.

"दाजी, ही पाण्याची टाकी. एकशेवीस लिटर. हा काटा बघत राहायचा. काटा अर्ध्यावर आला की आंघोळ बंद, नुसते हातपाय. भांडी आधी पुसून घ्यायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. ते पाणी फेकायचं नाही, खालच्या टाकीत साठवायचं. साबण लावताना नळ बंद. आणि झोपायच्या आधी उद्याला किती उरलं त्याचा हिशेब. परदेशात लोक हे सगळं मुद्दाम शिकतात!"

माझी बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अरे, पण ह्यात नवीन काय आहे?"

खरंच काही नव्हतं. आमच्या शहरात नळाला पाणी दिवस मोजून येतं. इथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थी आणि पाण्याचा वार अशा तीन प्रकारच्या खुणा असतात, आणि पहिल्या दोन पाळल्या नाहीत तरी चालतं. साखरपुड्याची तारीख काढताना गुरुजींच्या आधी वहिनी विचारतात, त्या दिवशी पाणी आहे का? गच्चीवरच्या टाकीवर थाप मारून नुसत्या आवाजावरून पातळी सांगणारी माणसं आमच्या गल्लीत तीन आहेत. आणि हे सगळं कुठं? तर १०२ टीएमसी साठवणक्षमतेच्या, पैठणच्या नाथसागर जलाशयापासून पन्नासेक किलोमीटरवर. मलिक अंबरानं १६१० साली खडकी (म्हणजे आमचंच गाव) वसवली, त्यानंतर नहर काढली आणि पाणी उतारानं गावात आणलं. पुढं पाणचक्कीवर नहरीच्याच पाण्यानं जातं फिरायचं. आता पाण्यापायी आम्ही फिरतो.

म्हणजे संभाजीनगरकर हा जन्मानंच मोटारहोमवाला. त्याचं घर तेवढं जागचं हलत नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मेव्हण्याबद्दलचा राग जरा निवला.

जायचं ठरलं कोकणात. मराठवाड्याला समुद्राचं भारी अप्रूप. एक बंदर आमच्याही वाट्याला आलंय म्हणा. जालन्याजवळ २०१५ साली त्याचं भूमिपूजन झालं. पण त्याचं नाव ड्राय पोर्ट. कोणाला काय द्यायचं ते सरकारला बरोबर कळतं.

मराठवाड्यात सहलीला एकटंदुकटं कोणी जात नाही, आधी बैठक होते. बैठकीला मी, बायको, मेव्हणा, त्याची बायको, आई आणि परभणीहून फोनवर साडू. शिवाय पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण कुठंही नकाशा उलगडल्याचा आवाज झाला की काका चष्मा पुसत हजर.

मेव्हण्यानं मार्ग मांडला. अहिल्यानगर, पुणे, मग घाट उतरून अलिबाग, मुरूड. तिथून आगरदांडा ते दिघी पाण्यातून. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडला ते वेश्वी पुन्हा पाण्यातून. नाना फडणविसांचं वेळास, पुढं केळशी, हर्णै, दाभोळ. दाभोळ ते धोपावे पाण्यातून. गुहागर, हेदवी, तवसाळ आणि तवसाळ ते जयगड पाण्यातून. शेवटी गणपतीपुळे. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा चार खाड्या, आणि चारही वेळा आख्खं घर बोटीवर चढवायचं.

"पाण्यातून म्हणजे?" आईनं विचारलं.

"आई, जंगलजेटी असते. सपाट बोट. गाडी सरळ आत घालायची."

"समुद्रात जंगल कुठून आलं?"

हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. काका मदतीला धावले. जुनं नाव 'तर'. कोकणातले लोक 'तरीवर थांबलोय' असं म्हणतात. झालं. फोनवरच्या साडूनं एवढंच ऐकलं आणि म्हणाला, "तरी असली तर मी येतो, पण मटणाची पाहिजे, माशाची नको." साडूच्या परभणीत तरी म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल तवंग. त्यावर माणूस तरंगून पलीकडे जातो हे त्याला पटवायला बैठकीचा पाऊण तास गेला. अजून तो पूर्ण पटलेला नाही. त्यानं भाकऱ्या घेऊन येतो म्हणून सांगितलंय.

दाभोळ-धोपावे ही गाड्यांची फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी दाभोळला उभं राहून समोरचा काठ नुसता बघायचा आणि गाडी न्यायची असेल तर चिपळूणचा वळसा घालायचा. मेव्हण्यानं हे सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढला. काकांनी चष्मा काढला की समजायचं, आता किमान दोन हजार वर्षं मागं जायचंय.

"तुम्ही काय नवीन करताय?" काका म्हणाले. "आपल्या पैठणहून माल समुद्राकडं गाड्यांतूनच जायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, लिहिलंय. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर. रस्त्यांचा पत्ता नाही अशा मुलखातून गाड्या जायच्या. तेरची मलमल जायची, पैठणचे अकीक जायचे. त्या गाडीवानांची घरं गाडीतच. रात्री कुठं थांबायचे? पाणी कुठून घ्यायचे? ऑनलाइन बुकिंग होतं का?"

"काका, टोल तरी नव्हता," मेव्हणा म्हणाला.

"नव्हता कसा! नाणेघाटात जाऊन बघ, दगडाचा एवढा मोठा रांजण आहे. जकात त्यात टाकायचे असं सांगतात. ते तुझं फास्टॅग."

आई म्हणाली, "रांजण? पाण्याचा?" आमच्याकडं कुठलाही विषय निघाला तरी तो शेवटी नळाशीच येतो.

मग बैठक जंजिऱ्यावर अडकली. आगरदांड्याहून बोट निघते ती राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या शेजारात. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी, म्हणजे आमच्या शहराचा संस्थापक आणि तो किल्ला यांचं भावकीचं नातं. ज्यांचं नाव २०२३ पासून शहराला आहे, त्या संभाजी महाराजांनी १६८२ साली जंजिऱ्याला वेढा घालून, दगड टाकत थेट खाडीच बुजवायला घेतली होती. काम चाललं होतं. तेवढ्यात मोगल फौज कल्याणच्या बाजूला उतरली आणि महाराजांना तिकडं वळावं लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बादशहा औरंगजेब स्वतः औरंगाबादेत येऊन तळ ठोकून बसला.

"म्हणजे कोकणातलं खाडीवरचं पहिलं काम अर्धवट राहिलं ते आपल्या गावाकडच्या पाहुण्यामुळं," काका म्हणाले. "नंतरची कामं अर्धवट राहायला मात्र मोगल लागले नाहीत."

हे खरं. १९८० ते ८२ मुख्यमंत्री असलेल्या अंतुल्यांनी रेवस ते रेड्डी सागरी रस्त्याचं स्वप्न पाहिलं. स्वतः कोकणातले असल्यामुळं खाडी म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. तेव्हा बारशाला आलेली पोरं आता चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरकडं जातात आणि सागरी महामार्ग अजून बोटीतून जातो. बाणकोटच्या खाडीवर पुलाचे खांब उभे राहिले, पण पूल काही खांबांवर आला नाही. वर्षानुवर्षं ते खांब आभाळाकडं बघत उभे आहेत आणि खालून बोट शांतपणे गाड्या नेते-आणते.

मी हळहळलो. मेव्हणा उलट खूश. "दाजी, पूल झाला असता तर आपण पाच मिनिटांत भुर्रकन निघून गेलो असतो. कोण थांबलं असतं? अर्धवट पूल हाच खरा पर्यटनविकास आहे. धोरणात तेवढं लिहायचं राहिलं." अशी दृष्टी असलेला माणूस वाळूजला सुटे भाग विकत बसलाय, मंत्रालयात नाही, याचं मला वाईट वाटलं.

खरी अडचण त्यानंतर निघाली. घर बावीस फुटी, त्याची शेपटी मागच्या चाकांपलीकडं बरीच लोंबते. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्यावरून बोटीत उतरायचा उतार खडा होतो आणि असली शेपटी जमिनीला घासते. म्हणजे संडासाची टाकी आधी घासणार. बायकोनं जाहीर केलं की ओहोटीला ती कुठल्याही खाडीवर येणार नाही. तेव्हा चारही खाड्या भरतीला गाठायच्या.

काका खुलले. कोकणातला हिशेब सोपा आहे म्हणाले. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. रोज पन्नासेक मिनिटं पुढं. आईनं पंचांग काढलं, मेव्हण्याच्या बायकोनं मोबाइल, आणि दोन्ही जुळले! खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. पाण्याची वेळ आधी कळू शकते, ती तिथीवरून काढता येते आणि ते पाणी खरोखर त्या वेळेला येतं, हे आमच्या आईनं वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. डोळे पुसून तिनं विचारलं, "तिकडं व्हॉल्व्ह कोण सोडतं?"

"चंद्र," काका म्हणाले.

"त्याची बदली इकडं होत नाही का?"

मग काकांनी तेच सूत्र आमच्या नळाला लावून पाहिलं. मागचा वार, त्यात व्हॉल्व्हवाल्याची सुट्टी मिळवली, वीज गेल्याचे तास मिळवले, मुख्य जलवाहिनी फुटण्याचं सरासरी प्रमाण मिळवलं. चार कागद भरले. काकांनी आख्खी हयात पाटबंधाऱ्यात काढलेली, पण कागद चुरगाळून म्हणाले, समुद्राचं सोपं आहे हो.

आणि इथंच सगळं घोडं अडलं. सकाळी दिघी आणि संध्याकाळी बागमांडला भरतीला साधायचं तर अष्टमी-नवमीच्या आसपास तिथं पोचायला हवं. पण आमचा पाण्याचा वार त्याच दोन-तीन दिवसांत कुठंतरी पडत होता. आमच्याकडं पाण्याच्या वारी घर बंद ठेवणं म्हणजे दहावीच्या पेपरला न बसणं. ड्रम कोण भरणार? पाइप कोण धरणार? खालच्या मजल्यावरच्यांची मोटर आधी सुरू झाली की भांडायला कोण असणार? मी धीर करून म्हटलं, एक वार चुकला तर चुकला. आई माझ्याकडं बघतच राहिली. "समुद्र कुठं पळून चाललाय का? नळाचं तसं नाही."

मुहूर्त पुढच्या पक्षात ढकलला. तेव्हा भरती जुळली, तर पाणी एक दिवस उशिरा येणार असल्याचा निरोप आला. त्याच्या पुढच्या पक्षात पाणी वेळेवर आलं, पण साडूच्या घरी लग्न निघालं. घर सोसायटीत उभंच. हळूहळू त्याच्या टपावर आईच्या कुरडया वाळायला लागल्या. आतल्या टेबलावर काका पेपर वाचायला लागले. मेव्हण्याची बायको मोटारहोममध्ये जाताना म्हणायची, "मी माहेरी चालले."

शेवटी गेल्या आठवड्यात सगळं जुळलं. भाकऱ्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली, घराच्या टाकीत एकशेवीस लिटर भरून काटा पार उजवीकडं टेकला. पहाटे पाचला निघायचं होतं. रात्री दीडला वॉचमननं दार ठोठावलं. जलवाहिनी फुटली होती, उद्याचा वार रद्द, पुढचा कधी ते सांगता येत नाही.

पहाटे पाचला मी खाली उतरलो, तर घराभोवती सगळी सोसायटी उभी. कोणाच्या हातात हंडा, कोणाच्या हातात कॅन, अध्यक्षांच्या हातात बादली. मेव्हणा नळापाशी बसून डोळ्यांत तेल घालून काटा बघत होता. "घरटी एकच बादली! साबण लावताना नळ बंद!" असं ओरडत होता. एवढा सुखी मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परभणीहून साडू. स्पीकरवरून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "काय रे, तरीवर पोचलात का?"

मेव्हण्यानं मान वर करून समोर बघितलं. फाटकापर्यंत भांडी लागली होती.

"पोचलो," तो म्हणाला. "रांग मोठी आहे."