जिंकवणारे देव, पडलेले राजे

क्योतोत शिकणारा माझा भाचा दर रविवारी फुटबॉल खेळतो, म्हणजे दर रविवारी हरतो. "मामा, सामन्याआधी शिरामिने जिंगूला जाऊन येऊ," म्हणाला तेव्हा मला भरून आलं. अभ्यास झाला नाही की देव गाठायचा, हा घराण्याचा संस्कार सातासमुद्रापार टिकला होता.

इमादेगावा रस्त्यावरच्या या शिंतो देवळात चेंडू वाहतात. फुटबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, त्यांत थेट राष्ट्रीय संघांनी वाहिलेलेसुद्धा. क्रिकेटचा काही दिसला नाही. ते खातं आपल्या देवांनी सोडलेलं नसावं.

ही जागा मूळची आसुकाई घराण्याच्या वाड्याची. केमारी हा दरबारी खेळ पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारं हे घराणं, आणि त्यांचा सेइदाई म्योजिन हा आता समस्त चेंडूंचा देव. केमारीत रिंगण करून हरणाच्या कातड्याचा चेंडू उजव्या पायाने उडवत राहायचा, खाली पडू द्यायचा नाही. तोही असा द्यायचा की पुढच्याला सोपा जावा! गोल नाही, गुण नाहीत, हार-जीत नाही. ज्याच्या खेळात जिंकणंच नाही, त्याच्यापुढे लोक जिंकण्यासाठी हात जोडतात.

मुख्य देव तर त्याहून थोर. सम्राट सुतोकू 1156 च्या होगेन बंडात हरला, सानुकीला हद्दपार झाला, 1164 मध्ये तिथेच गेला. त्याच्या संतापलेल्या आत्म्याचा राजधानीने शतकानुशतकं धसका घेतला होता. अखेर 1868 मध्ये मेइजी सम्राटाने त्याला सन्मानाने आणून इथे बसवलं. 1873 मध्ये सोबतीला सम्राट जुन्निन आला. तोही पदच्युत, तोही हद्दपार. आपल्याकडे पडलेल्यांना महामंडळ मिळतं, जपान्यांनी देऊळ दिलं.

भाच्याने पाच येनचं नाणं टाकलं, दोनदा वाकला, दोनदा टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकला. आवारातला दगडी चेंडू फिरवला की चेंडूच्या खेळात नशीब उघडतं म्हणे; तोही गरागरा फिरवला. मग लाकडी पाटीवर चक्क मराठीत नवस लिहिला : 'निदान बरोबरी.'

सामना हरलाच. पण चेंडू समोरच्या संघाला त्याने इतका अलगद, इतका सोयीचा दिला, की सेइदाई म्योजिन प्रसन्न झाला असणार.

क्योतोला गेलात तर 14 एप्रिल किंवा 7 जुलै साधा. त्या दिवशी या देवळात जुन्या दरबारी वेशात केमारी खेळतात. फक्त स्कोअर विचारू नका.