ज्वारीची परतफेड

‘आमच्या वाड्यात हल्ली फार पाखरं येतात,’ असं मी एकदा अमळनेरच्या चुलतभावाला फोनवर बोलून गेलो आणि आठवडाभरात गावात बातमी पसरली, की याने सुरतेत वाडा बांधला. त्या वर्षी लग्नपत्रिका नेहमीपेक्षा जास्त आल्या, उसने पैसे मागणारे दोन फोनही आले. आता गुजरातीत ‘वाडो’ म्हणजे परसदार, हे तिथे कोणाकोणाला समजावणार? डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या मागे बारा बाय चौदा फुटांची जागा आहे. एक पेरू, एक लिंबू, कढीपत्ता, कपडे वाळत घालायची तार आणि तिच्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत निवृत्त मी, एवढाच काय तो वाडा.

आम्ही खानदेशी माणसं सुरतेला आलो ती तापीच्याच वाटेने. नदी समुद्राकडे गेली, आम्ही लूमच्या खात्यांकडे. चौतीस वर्षं मी संच्यांच्या खडखडाटात काढली. तिथे शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलायचं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात चहा घेत बसलो होतो, तर कोणीतरी सारखं टिवटिवत होतं. आधी मला वाटलं, कुठलं तरी बेअरिंग गेलं. मान वर केली, तर तारेवर चिमणी.

चिमणीवरून आमच्या घरात एक घोटाळाही झाला होता. नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या बेनने हिला विचारलं, ‘तमारे त्यां चकली आवे छे?’ गुजरातीत चकली म्हणजे चिमणी, हे हिला कुठून ठाऊक असणार! ही म्हणाली, ‘दिवाळीत करतो ना, पाठवीन तुम्हाला.’ बेन बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. जीवदया मानणाऱ्या घरातल्या बाईला, मराठी लोक दिवाळीत चिमण्यांचं काय करतात, हे विचारायचाही धीर झाला नसावा. दिवाळीला डबा गेला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाखरांना बोलवायचं तर खाऊ हवा. इथे त्याला ‘चण’ म्हणतात आणि किराण्याच्या दुकानात बाजरी, ज्वारी, कणी मिसळलेली चणाची पिशवी मिळते. मी पाच किलो आणली. पहिल्या दिवशी पारवे आले. दुसऱ्या दिवशी ते आपले सोयरे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी वाळत घातलेली चादर पुन्हा धुवावी लागली आणि घरात माझ्या छंदाविषयी पहिली बैठक झाली. गुजरातेत पारव्यांसाठी गावोगावी नक्षीदार चबुतरे बांधलेले असताना त्यांनी माझ्याच दारी पंगत का मांडावी? मी दाणे कमी केले आणि कढीपत्त्याखाली, पारव्यांच्या धिप्पाड देहाला अडचण होईल अशा जागी टाकू लागलो. मग चिमण्या आल्या, होले आले, साळुंक्या आल्या.

मी दाणे टाकताना पलीकडचे भाई भिंतीवरून डोकावून म्हणाले, ‘केम भाऊ, शिवाजी महाराजनुं थोडुं थोडुं पाछुं वाळो छो ने?’ सुरतेत मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही लुटीची दोन सालं कोणी ना कोणी ऐकवतंच. आम्हीही ती हसून, मनातल्या मनात छाती जरा पुढे काढून ऐकतो. मी म्हटलं, ‘हो भाई, हप्ते बांधून घेतलेत.’

पण माझ्या खऱ्या थकबाकीची आठवण करून दिली ती आईने. ती ओट्यावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, ‘तुना बापनी जलमभर पाखरे हाकलात, आन तू इकत लईसन दाना टाकस!’

माझा हात मुठीतल्या दाण्यांसकट तसाच राहिला. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. पौषात दादर निसवून दाण्यावर आली, की वडील पहाटेच राखणीला माळ्यावर जाऊन बसायचे. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत धरलेलं, मधल्या खोळीत गोटा. डोक्यावरून दोन फेरे, चिमटी सुटायची आणि हवेत फट्कन आवाज. त्यापाठोपाठ शेतभर पसरणारी त्यांची आरोळी, ‘हाऽऽ हाऽऽ होऽऽ!’ पोपट उडत, चिमण्या उडत. सगळ्यांत वाईट भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, मध्य आशियातून एवढ्या लांब येणाऱ्या या पाहुण्यांचा थवा शेतावर उतरला, की उभं पीक काळं दिसायचं. शाळा सुटल्यावर माळ्यावर मी बसायचो. माझा नेम चांगला नव्हता, पण आवाज मोठा होता. त्या पिकावर आमचं वर्ष निघायचं, म्हणून वडिलांना कोणी निर्दय म्हणू नये. त्यांनी पाखरांना जी ज्वारी खाऊ दिली नाही, तीच खाऊन मी वाढलो. तिची परतफेड आता मी किलोच्या भावाने करतो आहे, इतकंच.

परतफेडीच्या उत्साहात मी चिमण्यांसाठी लाकडी घरटंही टांगलं. आत जायचं भोक सव्वा इंचाचं, अगदी मोजून. काऊच्या शेणाच्या घराची आणि चिऊच्या मेणाच्या घराची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाने चिऊला सागवानी घर दिलं, तर तिने धावत यायला हवं होतं. पहिल्या वर्षी त्यात पाल राहिली. दुसऱ्या वर्षी गांधीलमाश्या. चिमणीने संसार थाटला तो विजेच्या मीटरच्या पेटीमागे. पिल्लं झाल्यावर कळलं, की तिला माझ्या बाजरीचंही फारसं कौतुक नाही. पिल्लांच्या चोचीत ती अळ्या भरवत होती. तेव्हापासून मी लिंबावर औषध मारणं सोडलं. लिंबावरच्या फुलपाखराच्या लहान अळ्या मात्र हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि पानावर निवांत पडून राहतात. वाचण्यासाठी कोण कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही.

दुपारी सातभाई येतात. इंग्रजांनी यांना सात बहिणी केलं, आपण सात भाऊ. आपलंच बरोबर असावं, कारण ते बांधावरून आणि सातबाऱ्यावरून भांडल्यासारखे एकसुरात कलकलतात आणि पुन्हा रांगेने एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. पाण्यासाठी मी मातीचं परळ ठेवलं आहे, दोन बोटं खोल. रोज घासून पाणी बदलावं लागतं. घरातली भांडी कधी घासली नाहीत तो माणूस पाखरांचं भांडं घासतो, यावरची बैठक अजून संपलेली नाही.

पण माझा सगळ्यांत मोठा पाणउतारा केला शिंप्याने. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा हिरवट पक्षी, शेपटी वर, आवाज देहाच्या दसपट. नाव जरी शिंपी असलं, तरी शिवणकाम मादी करते. आषाढात लिंबाच्या मागे वाढलेल्या रुंद पानांच्या झुडपात शिंपीण काम करताना दिसली. मी चौतीस वर्षं सूत हाताळलेला माणूस. मुलाच्या खात्यातून पॉलिएस्टरची चकचकीत तार आणून तुकडे करून फांदीवर ठेवले. तिने एकालाही चोच लावली नाही. हिने चातुर्मासासाठी वाती वळायला कापूस काढून ठेवला होता, त्यातला पळवला. सुरतेत राहून शुद्ध सुतीचा हट्ट! तिचं काम मी हातभरावरून पाहिलं. पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक, त्यातून कापसाचा पीळ ओढलेला आणि बाहेरच्या बाजूला त्याचा फुगून झालेला गोंडा. गाठ नाहीच. तो गोंडाच टाका धरून ठेवतो. दोन पानांचा द्रोण झाला आणि त्यात कापसाची गादी. एकही तार तुटली नव्हती. माझ्या हाताखाली असती, तर पगारवाढ दिली असती. पुढे एका जाणकाराने सांगितलं, की न कुजणारी तार पाखरांच्या पायात अडकते. मी ते तुकडे मुकाट्याने गोळा केले.

दोरा हा या गावचा जीव आणि पाखरांचा काळही. हिवाळ्यात तापीवरच्या कॉजवेपाशी कुरव पक्षी येतात आणि लोक त्यांच्यापुढे शेव-गांठिया उधळतात. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, ही म्हण कुरवांनीही मनावर घेतली असावी. त्याच दिवसांत उत्तरायणाच्या पतंगांसाठी रस्त्याकडेला खांबांना दोरे ताणून त्यांना काचेची भुकटी आणि रंग चोपडतात. याला ‘दोरी पावी’ म्हणतात, म्हणजे दोरीला पाजणं. एकाच गल्लीत पाखरांना पाणी पाजायची कुंडं आणि पाखरांचे पंख कापणारी पाजलेली दोरी, दोन्ही मिळतात आणि कधीकधी विकत घेणारं गिऱ्हाईकही एकच असतं. नायलॉनच्या मांज्यावर 2017 साली देशभर बंदी आली. त्याच वर्षापासून गुजरात सरकार 10 ते 20 जानेवारीला करुणा अभियान चालवतं. जखमी पाखरासाठी 1962 हा नंबर लावायचा. तो मी मीटरच्या पेटीवर, चिमणीच्या दाराशीच खडूने लिहून ठेवला आहे. उत्तरायणानंतर आठ दिवस काठीला आकडा बांधून मी झाडांमधला मांजा काढत हिंडतो. बोटं चिरतात, पण गोळा बराच मोठा होतो.

यंदा उत्तरायणाच्या संध्याकाळी उंधियु खाऊन गच्चीवर गेलो. आभाळ पतंगांनी भरलेलं, स्पीकर, पिपाण्या, ‘काप्यो छे!’ चा गजर. तेवढ्यात खाडीच्या बाजूने एक काळा ढग वळत-वाकत आला. भोरड्या! इथले लोक त्यांना वैयां म्हणतात. शेकडो भोरड्या रात्रीच्या झाडाकडे निघाल्या होत्या, सरळ दोऱ्यांच्या जाळ्यात. मला काही सुचलं नाही. हात आपोआप डोक्यावर गेला, रिकामी गोफण गरगर फिरली आणि पन्नास वर्षांत न काढलेली आरोळी बाहेर पडली, ‘हाऽऽ हाऽऽ होऽऽ!’

थवा वाकला, उचलला गेला आणि पतंगांच्या वरून निघून गेला. माझ्या ओरडण्याने गेला असं मी म्हणत नाही. माझा नेम तेव्हाही चांगला नव्हता.

शेजारच्या गच्चीवरचा पोरगा फिरकी सावरत ओरडला, ‘कोनो काप्यो, दादा?’

त्याला काय सांगावं याचा विचार करतोय, तोच खालून ओट्यावरून आईचा आवाज आला. ती आरोळी तिने ओळखली होती.

‘दादर खाई गयात का रे?’

मी कठड्यावरून वाकून म्हटलं, ‘खाऊ दे, माय.’