पूर्णांकमार्गे धनसंचय
(बुलढाणा जिल्ह्यातील सुज्ञ, होतकरू व खर्चिक इसमांकरिता)

धनसंचयाचे जे अनेक मार्ग पूर्वसूरींनी सांगून ठेवले आहेत, त्या सर्वांत एक समान दोष असा की त्यांत खर्च कमी करावा लागतो. आणि हा दोष ज्याने समूळ काढून टाकला तो पूर्णांकमार्ग मोबाइलच्या द्वारे आपल्या तेराही तालुक्यांत येऊन पोहोचला असल्याने, त्याची साधना यथाविधी कशी करावी याचे दिग्दर्शन करणे अगत्याचे झाले आहे. मार्गाचे तत्त्व सोपे आहे. ३७ रुपयांची खरेदी झाली की यंत्र ती ४० ची समजते, ३७ दुकानदारास पोहोचतात आणि वरचे ३ आपल्या नावे जमा होतात. बँक ऑफ अमेरिकेने २००५ साली डॉलरच्या चिल्लरीबाबत हीच तजवीज केली होती. आपल्याकडे अलीकडे निघालेली ‘जार’सारखी ॲप्स वरची रक्कम ऑटोपेने खात्यातून वळती करून तिचे डिजिटल सोने घेतात. साधकाने परवानगी एकदाच द्यावयाची. त्यापुढे त्याच्या निग्रहाची कोणासही जरुरी भासत नाही.

कलम पहिले : क्षेत्राची निवड. रक्कम जितकी वेडीवाकडी तितका संचय अधिक, हे ध्यानी धरून साधकाने प्रथम टपरीवरील चहा वर्ज्य करावा. कारण तो दहाचा, आणि दहाच्या वर दहाच्या पटीत चढण्यास जागा नाही. आपल्या बाजारातील ही अडचण जुनी आहे. ३० जून २०११ रोजी पावली सरकारी हुकमाने चलनातून गेली, आठ आणे कायद्याने जिवंत असूनही गल्ल्यातून परागंदा झाले, आणि “चिल्लर नाही भाऊ, चाकलेट घ्या” या एका वाक्यावर कित्येक वर्षांचा किरकोळ व्यापार निभावला. तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देणाऱ्या एसटीनेही जून २०१८ च्या भाडेवाढीत भाडे पाचाच्या पटीत आणून त्या लेखनप्रपंचाला आळा घातला. तात्पर्य, जो पूर्णांक साधकाने स्वतःच्या नावे करावयाचा, तो समोरच्याने आधीच आपल्या सोयीने करून ठेवला आहे. यास्तव औषधांच्या दुकानाचा आश्रय करावा. तेथील बिले अद्यापि विषम असतात, आणि प्रकृती किंचित नाजूक ठेवल्यास शिल्लक झपाट्याने वाढते.

कलम दुसरे : शुभ आकड्यांचा विनियोग. आपल्या पूर्वजांनी आहेर ११, ५१, १०१ असाच करावा असा जो दंडक घालून दिला, त्यामागील दूरदृष्टीचा उलगडा आज होतो. कारण एकावर संपणारी रक्कम दहाच्या पटीपर्यंत नेताना वर ९ रुपये पडतात, आणि याहून अधिक कोणताही पूर्ण रुपयाचा आकडा देऊ शकत नाही. म्हणून साधकाने लग्नसराईत एकही पत्रिका नाकारू नये, आणि आहेर पाकिटातून न करता वरपित्याच्या मोबाइलवर करावा. प्रत्येक तालुक्यात एक याप्रमाणे सिंदखेड राजापासून जळगाव जामोदपर्यंत तेरा लग्ने उरकल्यास संचय ११७ रुपये होतो. आहेरात १३१३ रुपये गेले व प्रवासभाडे निराळे झाले, हे कबूल. परंतु त्या रकमा खर्चाच्या सदरात पडतात, आणि प्रस्तुत मार्गदर्शन संचयापुरतेच मर्यादित आहे.

कलम तिसरे : ऐवज. जमलेले सोने दिसत नाही, वाजत नाही आणि सुनेच्या अंगावर घालता येत नाही, याबद्दल खामगावच्या चांदीवर वाढलेल्या वडीलधाऱ्यांनी तक्रार केल्यास, चोरांनाही ते दिसत नाही असे सविनय निदर्शनास आणावे. खरेदीवर शेकडा ३ रुपये जीएसटी पडतो आणि हा ऐवज आपल्या नियमनाच्या कक्षेबाहेर असल्याचा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे, या गोष्टी मात्र वडिलांनी विचारल्याखेरीज सांगू नयेत.

कलम चौथे : प्रतिपक्षापासून सावधगिरी. या मार्गाचा खरा वैरी म्हणजे पतसंस्थेचा पिग्मी एजंट. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दररोज दोन आणे घरी येऊन गोळा करण्याची जी रीत पाडली, ती आपल्याकडे इतकी मुरली आहे की १९८६ साली ७२ सभासद व १२ हजार रुपये भांडवल घेऊन निघालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेच्या या जिल्ह्यात अल्पबचतीवर प्रवचन देणे धाडसाचेच आहे. पिग्मीवाला दिवेलागणीला दुकानाच्या पायरीशी उभा राहतो आणि “काका, आजचे वीस?” एवढेच विचारतो. आपण आज काय घेतले, किती रुपयांचे घेतले, याची तो चौकशी करीत नाही. काही घेतले नसले तरी वीस मागतो. त्याला नाही म्हणावे तर शेजारचा दुकानदार ऐकत असतो. आता हिशेब पाहा : रकमांचे शेवटचे अंक सारख्या प्रमाणात येत असतील तर पूर्णांकमार्गे दर खरेदीस सरासरी साडेचार रुपये पडतात, दिवसास दोन खरेद्या धरल्या तर महिन्याचे २७० होतात. पिग्मीचे मात्र ६०० भरतात, तेही काही विकत न घेता, आणि साऱ्या पद्धतीचा अन्याय तो हाच.

यावर उपाय एकच. दिवसास दोनाऐवजी पाच खरेद्या कराव्यात, म्हणजे महिन्याचे ६७५ होऊन पिग्मीवर मात होते. वाढीव नव्वद खरेद्यांसाठी पैसा कमी पडल्यास पतसंस्था कर्जही देते. इतके समजावूनही ज्या कोणास खर्चाच्या आधीच शिल्लक टाकण्याचा हट्ट असेल, त्याचा अर्ज या दप्तरी दाखल करून घेतला जाणार नाही; त्याने सुटे वीस रुपये काढून ठेवावेत व दिवेलागणीला दुकान सोडून कोठेही जाऊ नये.