इंटचा नाका

निपाणीच्या बसस्थानकावर उभ्या माणसाला दोन लिप्यांशी जुळवून घ्यावं लागतं. कोल्हापूरहून आलेल्या एस.टी.ची पाटी देवनागरीत, बेळगावकडे निघालेल्या गाडीची कानडीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या सीमाभागात पाट्यांवरून जेवढं बोलून झालंय, तेवढं तंबाखूच्या भावावरूनही झालं नसेल.

अशा गावातल्या पोरानं प्रोग्रामिंग शिकायचं कशावर? लॅपटॉप म्हटलं की घरात बैठक बसते. फोन मात्र खिशातच असतो. पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप फुकट घ्यावं, जाहिराती सोसाव्यात. मग नेट नसलं तरी त्यात पायथन चालतो. काळ्या पडद्याचा रुबाब हवा असेल त्याला टर्मक्स आहे, तेही फुकट. फक्त अंगठ्यानं कंस, कोलन आणि ओळीआधीची मोकळी जागा सांभाळायची चिकाटी हवी.

पहिल्या प्रोग्रामात जगाला नमस्कार घालावा, असं पुस्तकं सांगतात. आमच्या शेजारच्या पोरानं जगाला थांबवून आधी आईचा हिशेब घेतला. बिड्यांची मजुरी हजारावर. वळलेल्या बिड्यांतून छाट, म्हणजे कारखान्यानं नाकारलेल्या बिड्या, वजा करायची, हजारानं भागायचं, दरानं गुणायचं. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून ‘बिड्या’, ‘छाट’, ‘दर’, ‘मजुरी’ तशीच्या तशी आत बसली. प्रिंट आणि इनपुट तेवढे इंग्रजीत राहिले.

खरी गंमत आकड्यांची. प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी १००० लिहिले, तर पायथन चूक दाखवून अडून बसतो. पण तेच आकडे इनपुटमधून येऊन ‘इंट’ या फंक्शनच्या हाती पडले, की सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पावती फाडल्यासारखे रीतसर आत जातात. कानडी आकडेही जातात. एकाच संख्येतला पहिला आकडा मराठी आणि दुसरा कानडी असला, तरी चालतं. युनिकोडनं प्रत्येक लिपीतल्या आकड्याची किंमत नोंदवून ठेवलीय. पायथन तेवढीच बघतो.

“काका, ह्याला सीमाप्रश्न माहीतच नाही!” पोरगा खुशीत म्हणाला.

त्याच्या आईनं पडद्यावर आलेली मजुरी दोनदा वाचली. हिशेब बरोबर होता, पण छाट ठरवणारा माणूस कारखान्यात बसतो, हे तिला पक्कं ठाऊक.

“बरं झालंय,” ती म्हणाली, “आता छाट कमी करायचं अ‍ॅप कवा करतोस?”