मुक्काम पोस्ट ओबामा

जपानच्या फुकुई प्रांतात, वाकासा उपसागराच्या काठी ओबामा नावाचं गाव आहे. वस्ती तीस हजारांच्या आत. क्योतोहून थेट रेल्वे नाही. बिवा तलावाच्या कडेने ओमी-इमाझूपर्यंत गाडी, पुढे डोंगर ओलांडणारी बस. नाहीतर त्सुरुगाहून एकेरी रुळावरची छोटी गाडी. ती चुकली की स्टेशनवरच्या बाकड्याशी चांगली ओळख होते. बुलेट ट्रेन 2024 साली त्सुरुगापर्यंत आली. पुढे ती ओबामामार्गे न्यायची हे 2016 सालीच ठरलं होतं. रूळ तेवढे टाकायचे राहिलेत.

मासळीने मात्र कुणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ शोभेल असा साबा मासा इथे उतरायचा, त्याला मीठ चोळायचे आणि हमाल तो पाठीवर घेऊन सुमारे सत्तर किलोमीटर डोंगर तुडवत क्योतोला न्यायचे. पोहोचेपर्यंत मीठ मुरून मासा बरोब्बर चवीला आलेला असायचा. या वाटेला आजही ‘साबा काइदो’ म्हणतात. दरबाराच्या मुदपाकखान्याला मीठ-मासळी पुरवण्याचं काम वाकासाकडे त्याच्याही फार आधीपासून होतं. थोडक्यात, चांगलं ते बांधायचं आणि पुढे रवाना करायचं, हाच ओबामाचा इतिहास.

1408 साली दक्षिणेकडच्या जहाजातून इथे चक्क हत्ती उतरला. जपानातला नोंद असलेला हा पहिला हत्ती. शोगुनसाठी नजराणा होता, म्हणजे अर्थातच क्योतोला रवाना! तिथेही तो फार टिकला नाही. 1411 मध्ये जपानकडून कोरियाच्या राजाला एक हत्ती भेट गेला; तो हाच, असं मानतात. तिथल्या एका माजी अधिकाऱ्याने त्याच्या रूपाला नाकं मुरडली, वर थुंकला. हत्तीने त्याला तुडवून मारलं. दरबाराने रीतसर विचार करून हत्तीला काळ्या पाण्यावर, एका बेटावर धाडलं. तिथे तो अन्नपाणी सोडून रडू लागला, तेव्हा राजाला दया आली आणि त्याला परत आणलं. हे सगळं कोरियाच्या राजदप्तरात लिहिलेलं आहे.

पाणीसुद्धा सुटलं नाही. आख्यायिका अशी, की नाराच्या तोदाइजी मंदिरात सगळ्या देवांना आमंत्रण गेलं आणि वाकासाचा देव मासे मारण्याच्या नादात उशिरा पोहोचला. भरपाई म्हणून त्याने पाणी पाठवायचं कबूल केलं. म्हणून दर 2 मार्चच्या रात्री मशालींच्या उजेडात ओबामाचे पुजारी नदीत पाणी ओततात. ते जमिनीखालून दहा दिवसांनी नाराच्या विहिरीत निघतं, अशी श्रद्धा. देवाने लेटमार्कचा दंड भरल्याचं उदाहरण विरळाच.

बराक ओबामा निवडणुकीला उभे राहिल्यावर गावाने लाखकामाच्या चॉपस्टिक पाठवल्या, त्यांच्या चेहऱ्याची मिठाई विकली, हवाई बेटांचा हुला नाचही केला. 2009 साली टोकियोच्या भाषणात त्यांनी ओबामाकरांना नमस्कार सांगितला. अध्यक्षपदी असेपर्यंत स्वतः काही आले नाहीत.

दरम्यान किनाऱ्यावरचा साबाच जवळपास संपला. बांबूच्या काडीत ओवून अख्खा भाजलेला, साल करपलेली, तेल ठिबकणारा मासा दुकानात मिळतो. तो बऱ्याचदा नॉर्वेचा असतो. मग गावाने मत्स्यपालन सुरू केलं आणि खाद्यात साके गाळल्यावर उरणारा चोथा मिसळला. हा चोथा येतो क्योतोहून. इतक्या शतकांनी त्या बाजूने काहीतरी आलं!

रवानगीची सवय मात्र सुटली नाही. इथल्या हायस्कूलच्या मुलांनी वर्षानुवर्षं खटपट करून डबाबंद साबा तयार केला. 2018 साली त्याला अंतराळ-अन्नाची मान्यता मिळाली आणि 2020 मध्ये अंतराळवीर सोइची नोगुची यांनी तो अंतराळस्थानकात खाल्ला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे क्योतोच्या जवळजवळ सहापट. हमाल लागले नाहीत.