झांजेचा एक ठोका

सोलापुरात ताल वाजवणाऱ्याचं गाऱ्हाणं एकच असतं: थांबू देत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत लेझमीच्या ताफ्यापुढे हलगी घेऊन उभं राहिलं की बोटं सुजली तरी मंडळाचा अध्यक्ष 'पुढच्या चौकापर्यंत चालू दे' म्हणतो. या जाचाला कंटाळून मी तालवाद्यं शिकायला जर्मनीत आलो. इथे सुरूच करू देत नाहीत.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर शांतता. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या चौकातल्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण काच वाजते. मी वाढलो सोलापूरच्या पूर्व भागात. तिथे यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं झोपतात आणि वीज गेली की दचकून जागी होतात. इथे खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाराला अत्यंत सभ्य चिठ्ठी लावली. मी त्या वेळी मांडीवर बोटांनी कायदा घोटत होतो.

हलगीचं प्रकरण थोडं वाढलं. थंडीत चामडं सैल पडलं, म्हणून आपल्याकडे तापवतात तशी ती जरा जाळावर धरली. जर्मनीत घराघरात छताला धुराची सूचना देणारं यंत्र असणं सक्तीचं आहे. माझ्या खोलीतलं यंत्र फार कर्तव्यदक्ष निघालं. बंबवाले आले. हे वाद्य आहे, ते तापवावं लागतं, हे मी सविस्तर समजावलं. त्यांच्यातल्या एकाने हलगी उलटसुलट करून पाहिली आणि शिजायला किती वेळ लागतो, असं विचारलं.

वर्गात वेगळीच तऱ्हा. रूपकाच्या सात मात्रा प्राध्यापकांना आवडल्या, पण समेवरच खाली कशी, हे पटेना. पहिला ठोका जोरात हवा, असं त्यांचं म्हणणं. मी बरं म्हटलं.

दाद देण्याचेही नियम आहेत. एका मैफलीत टिंपनीवाल्याने सुरेख जागा घेतली, मी 'क्या बात है' म्हणालो, तर पुढच्या तीन रांगा वळून पाहू लागल्या. टाळी सगळं संपल्यावर वाजवायची. याला अपवाद आमचा. मी तबला लावायला घेतला, गट्ट्यांवर हातोडी मारली, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्या वाद्यं लावण्यालाही अशाच टाळ्या पडल्या होत्या. म्हणजे अर्धशतक उलटलं तरी रसिक जागरूक आहेत.

पण खरं दुखणं ऑर्केस्ट्राचं आहे. पहिल्याच वर्षी ड्वोरझाकच्या नवव्या सिंफनीत मला घेतलं. 1893 सालची, जगप्रसिद्ध रचना, चाळीस मिनिटांच्या वरची. घरी पेढे वाटले गेले. मग स्वरलिपी हातात आली. मला झांजा. सबंध सिंफनीत झांजेचा ठोका एक. तोही चौथ्या भागात. तोही मध्यम आवाजात. तिसऱ्या भागात ट्रायंगल वाजतो, पण तो आमच्या पुढच्या वर्गातल्या मुलीला मिळाला. ती वशिल्याची आहे असं मी म्हणत नाही.

त्या एका ठोक्याच्या तालमी झाल्या. मी काळा कोट घालून बसायचो, आवर्तनं मोजायचो, वेळ आली की उठायचो, एकदा वाजवायचो, बसायचो. उठताना खुर्ची वाजते, अशी व्हायोलिनवाल्यांची तक्रार आली. खुर्चीला लोकर लावण्यात आली.

कार्यक्रमाच्या रात्री घरून अप्पांचा फोन.

"किती वाजवलास?"

"एकदा."

"एक तास?"

"एकदा, अप्पा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. व्हिसासाठी इथल्या बँकेत वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी अडकवून ठेवावे लागतात. सव्वाअकरा-बारा लाखांचा हिशोब अप्पांनी कर्ज काढून केलाय.

"म्हणजे ठोक्याला बारा लाख," ते म्हणाले. "मग उरलेला वेळ तिथं करायलास काय?"

"मोजायलोय."

"ते इथं बसून मोजला असतास की."

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांपुढे वाजवणाऱ्यांना अप्पांनी ही हकीकत सांगितली. त्यांच्यापैकी एकाने निरोप धाडलाय: बाकीचे ठोके तो वाजवायला तयार आहे, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं द्यावं.

पुढच्या हंगामात ब्रुकनरची सातवी सिंफनी आहे. 1884 साली लाइपझिगला पहिल्यांदा झाली, एक तासाच्या वर चालते. झांजा पुन्हा माझ्याकडे. तिच्यातही एकच ठोका आहे, दुसऱ्या भागात. शिवाय तो ब्रुकनरला हवा होता की नव्हता, यावर विद्वानांत जुना वाद आहे. हस्तलिखितात त्या ठोक्याजवळ कुणीतरी 'लागू नाही' असं लिहून ठेवलंय. काही कंडक्टर तो ठेवतात, काही गाळतात. आमच्या कंडक्टरांनी अजून काही ठरवलेलं नाही. अप्पांना मीही अजून कळवलेलं नाही.