आठ म्हणजे नापास

लोअर परळमध्ये जागेचा भाव विचारायची आता कोणाची हिंमत नाही, आणि मॉलमधल्या कॉफीचा विचारला तर तोंडचं पाणी पळतं. आपल्याला मात्र इथे जो तो विचारत असतो: "तुमचा अनुभव कसा होता?" मॉलच्या स्वच्छतागृहाबाहेर हसरा, मख्ख आणि रडका अशा तीन चेहऱ्यांचं यंत्र उभं असतं. स्वच्छ हात धुवायचे आणि दिवसभरात शेकडो लोकांनी दाबलेलं बटण त्याच हातांनी दाबायचं. डॉक्टरकडून घरी पोचेपर्यंत मेसेज येतो. ताप उतरलेला नसतो, तारे मात्र द्यायचे असतात. परवा एका स्मशानभूमीचेही गुगलवर तारे पाहिले. अनुभव नेमका कोणी लिहिला असेल, याचा मी फार विचार केला नाही.

आमच्याकडे इंटरनेटचा डबा बदलायला एक पोरगा आला होता. वायर खिळवली, स्टुलावरून उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, ऑफिसमधून कॉल येईल. दहा सांगा. नऊ पण चालेल. आठ नको."

"का रे? आठ चांगले की."

"आठ म्हणजे नापास."

पोरगा खोटं बोलत नव्हता. फ्रेड रायकहेल्ड नावाच्या अमेरिकी सल्लागाराने २००३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त हे गणित मांडलं आणि जगभरच्या कंपन्यांनी ते देव्हाऱ्यात बसवलं. नऊ-दहा देणारा तो आपला माणूस, सात-आठ देणारा उदासीन, शून्य ते सहा सगळे शत्रुपक्षात. दहावीला ऐंशी टक्के मिळाले म्हणून ज्या चाळीत घरोघर पेढे वाटले गेले, त्याच चाळीत दहापैकी आठ गुण देणारा माणूस आता बेदखल. बरं, नेट तेव्हाही अडखळतच होतं. पण त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा म्हणून मी कॉलवर ठणठणीत दहा सांगितले. म्हणजे कंपनीच्या दप्तरी आमच्या घरचं नेट आता उत्कृष्ट आहे. तक्रार केली तर मीच खोटा ठरेन.

इतकं विचारणाऱ्या या मुलखात काही गोष्टी मात्र कोणी कधीच विचारत नाही. डिलाईल रोडचा पूल घ्या. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, मग सगळ्या म्हाताऱ्या पुलांची नाडी बघितली गेली, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला आमचा पूल बंद झाला. धोका होता, तर बंद केला हे बरंच केलं. पण पुढे काय? रुळांवरचा भाग पश्चिम रेल्वेचा, दोन्हीकडचे उतार महापालिकेचे. एकाच पुलाला दोन मालक असले की काय होतं, हे ज्यांच्या घरात भावाभावांत सामाईक भिंत आहे त्यांना सांगायला नको. तोवर आम्ही महालक्ष्मीच्या नाहीतर एल्फिन्स्टनच्या पुलाला वळसे घालत बसलो. केईएमला निघालेली रुग्णवाहिकाही वळशातच. पाच वर्षं चार महिने. एवढ्या काळात एकाही खात्याकडून मेसेज आला नाही: "पुलाशिवाय तुमचा अनुभव कसा आहे? एक ते दहामध्ये सांगा."

शेवटी १६ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आदित्य ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडथळे बाजूला करून एक मार्गिका परस्पर सुरू केली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. आठवड्याभरात महापालिकेने पूल अधिकृतपणे खुला केला. त्यांनी केलं ते योग्य की अयोग्य, यावर नाक्यावर अजून दोन तट आहेत आणि दोन्ही तट चहा एकाच टपरीवर पितात. माझी शंका बारकी आहे. परवानगीशिवाय पूल उघडल्याची फिर्याद घ्यायला पोलीस ठाणं आहे. पाच वर्षं न उघडल्याची कोणत्या ठाण्यात द्यायची?

आणि वळसा घालायला जो एल्फिन्स्टनचा पूल होता, तोही १२ सप्टेंबर २०२५ पासून बंद. तिथे दुमजली पूल होणार आहे, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी. रहिवाशांनी हरकती घेतल्या, रस्त्यावर उतरले, तारीख पुढे गेली आणि मग व्हायचं ते झालंच. तारीख पुढे ढकलणं हेही एक रेटिंगच समजायचं. दोन तारे.

त्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, लोक जिन्यावर अडकले आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तो जिना अरुंद आहे हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, असं नाही. प्रवाशांनी ट्विटरवर लिहिलं होतं, खासदारांनी पत्रं धाडली होती. अभिप्राय भरपूर होते. पुढे लष्कराने येऊन काही महिन्यांत नवा पादचारी पूल उभा केला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरूही झाला. म्हणजे पूल इतक्या लवकर बांधता येतो, हे आम्हाला त्या वर्षी समजलं. जुलैमध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नाव बदलणं आम्हाला नेहमीच लवकर जमतं.

त्या चेंगराचेंगरीला तीन महिने होतात न होतात तोच, २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. १४ जण गेले. असल्या हॉटेलांचे रिव्ह्यू वाचून बघा. जेवणाला तारे, गाण्यांना तारे, दिव्यांना तारे, वेटरच्या हसण्याला तारे. बाहेर पडायची वाट कुठून आहे आणि ती मोकळी आहे का, याला तारे द्यायचा रकाना मला आजवर कुठल्याही ॲपवर दिसलेला नाही. आम्ही ग्राहकही तो मागत नाही. फोटो कोणत्या कोपऱ्यात चांगले येतात, ते आधी विचारतो.

मुलीच्या वाढदिवसाला परिसरातल्या एका हॉटेलात गेलो. बिलात दहा टक्के सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हे आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मी हे मॅनेजरला ऐकवत असताना मुलगी टेबलाखालून माझा पाय दाबत होती. मॅनेजरने हसतमुखाने रक्कम काढली, आणि नव्या बिलासोबत अभिप्रायाची टॅबलेटही आणून ठेवली. बायको म्हणाली, "आता पाच द्या आणि चला." दिले. माणूस कायद्याने जिंकतो आणि लाजेने हरतो, तो असा.

राजकारणातही हल्ली विचारण्याची फॅशन आहे. पोल, सर्व्हे, 'आमच्या कामावर समाधानी आहात का, एक दाबा'. खरी विचारणा मात्र राहून जाते. मुंबईत नगरसेवक निवडले फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली. पुढचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती. नळाला पाणी आलं नाही तर आम्ही सवयीने जुन्या नगरसेवकाच्या ऑफिसात जायचो. तो चहा पाजायचा, ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी माजी." त्यातच जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. ऑनलाइन मागवलेला सदरा भलत्याच रंगाचा निघाला तर सात दिवसांत परत घेतात. मत दिलेला माणूस भलत्याच बाकावर निघाला तर परत करायचं खातं अजून उघडलेलं नाही. वर दोन्ही बाजू सांगतात की मूळ माल आमच्याचकडे मिळतो.

मेट्रोचंही सांगून टाकतो. भुयारी मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकापर्यंत आली १० मे २०२५ ला, आणि २६ मे रोजी त्याच स्टेशनात पाणी शिरलं. अत्र्यांचं नाव दिलेल्या स्टेशनात! ते असते तर 'मराठा'चे आठवडाभराचे अग्रलेख त्या पाण्यावर निघाले असते. त्या भुयारात तेव्हा मोबाइलला नेटवर्क मिळत नव्हतं, म्हणून लोक ओरडत होते. मी गप्प राहिलो. तेवढी पंधरा मिनिटं कोणी अनुभव विचारत नव्हतं.

घरात रेटिंगची पद्धत जुनीच आहे. आई ताटाशी उभी राहून विचारते, "मीठ कमी झालंय का?" उत्तर ठरलेलं: "नाही, बरोबर आहे." नऊपेक्षा कमी द्यायची कोणाची छाती नाही. फॅमिली ग्रुपवर गणपतीनंतर कुठे जेवायला जायचं याचा पोल टाकला, तर आईने चारही पर्यायांना मत दिलं आणि वर विचारलं, "पण घरी का नको?"

याच आईची पिढी ग्राहक म्हणून आमच्यापेक्षा पुष्कळ खमकी होती. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी आणि आपले बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, त्या चळवळीत होते. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकाच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. डाळ दहा मिनिटांत यायची नाही, महिन्यात यायची. पण डाळीत खडे निघाले तर सांगायला माणूस होता, आणि त्याच्यामागे पन्नास घरं होती. आता आमच्या मजल्यावर सात घरं, सात ॲपं आणि सात वेगवेगळे चॅटबॉट. खराब टोमॅटोचा फोटो पाठवला की सातही जण नम्रपणे सांगतात, "आपली गैरसोय आम्हाला समजते." ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर किती जणांच्या फोनमध्ये आहे? पिझ्झाचा असतो.

अर्थात या भागात न विचारण्याची रीत ॲपच्या कितीतरी आधीची. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ चा. त्याप्रमाणे उद्योगात कामगारांच्या वतीने बोलणारी युनियन एकच, आणि कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ती आम्हाला नको, असं गुप्त मतदानाने सांगायची सोय नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगाराच्या मागणीचं सगळ्यांच्या लक्षात आहे. हा कायदा रद्द करा, अशीही मागणी त्यात होती, ती विसरली गेली. आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्हाला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. म्हणजे तक्रार अजून 'प्रलंबित' दाखवते.

दरम्यान जागा मोकळ्या झाल्या. फीनिक्समध्ये मॉल आला, चिमणी तेवढी शोभेला ठेवली. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची तर कुठे? शेलू आणि वांगणी. कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे जायचं, नेरळच्या अलीकडे उतरायचं. जुलै २०२५ मध्ये ही मंडळी आझाद मैदानात जमून सांगत होती की आम्हाला मुंबईतच घर हवं. बिल्डरांच्या जाहिरातींत लोअर परळचं 'अप्पर वरळी' होतं, तर त्याच न्यायाने शेलूला 'लोअर लोअर परळ' म्हणून टाकावं. प्रश्न मिटला.

काल रात्री दूध घेऊन डिलिव्हरीवाला आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, वरपर्यंत धापा टाकत आला आणि नेहमीचं बोलला, "काका, पाच स्टार." मी म्हटलं, देतो. पण तुला आम्हाला रेटिंग देता येतं का?

"ॲपवर नाही येत," तो म्हणाला. "पण आमचा पोरांचा ग्रुप आहे. कुठे कुत्रा आहे, कुठला वॉचमन सर्व्हिस लिफ्टनेच पाठवतो, कोण पाणी विचारतं, सगळं टाकतो त्यावर."

"आमच्याबद्दल काय टाकलंय?"

तो हसला, पाण्याचा ग्लास परत दिला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला.